चुकीचं माप

१० मार्च २०१५. सिडनीच्या विमानतळावर एअरएशिया एक्सचं एअरबस ए-३३० क्वालालंपूरला निघायच्या तयारीत गेटवर उभं होतं. निघण्यापूर्वी विमानाच्या यंत्रणेला एक गोष्ट सांगावी लागते: आपण आत्ता पृथ्वीच्या पाठीवर नेमके कुठे उभे आहोत. पुढचा सगळा हिशेब ती या एका माहितीवर मांडते. त्या गेटचा रेखांश होता १५१ अंश ९.८ मिनिटं पूर्व. तो १५१०९.८ असा भरायचा. कॅप्टनच्या बोटांनी भरला ०१५१९.८. आकडे सगळे तेच, फक्त मधलं शून्य उठून पुढे जाऊन बसलं. यंत्राने ते १५ अंश १९.८ मिनिटं असं वाचलं आणि त्याच्या लेखी विमान केपटाऊनच्या पश्चिमेला, अटलांटिक महासागरात जाऊन उभं राहिलं. फरक अकरा हजार किलोमीटरांहून जास्त.

विमान उडालं. ऑटोपायलट लावल्यावर ते डावीकडे, शेजारच्या समांतर धावपट्टीवरून उडणाऱ्या विमानांच्या वाटेकडे वळायला लागलं. हवेत दुरुस्ती करायला गेले तर आणखी यंत्रणा हातच्या गेल्या. तोवर सिडनीचं हवामान बिघडलेलं, म्हणून शेवटी मेलबर्नला, खिडकीबाहेर डोळ्यांनी बघत उतरावं लागलं. कोणाला खरचटलंही नाही. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा संस्थेने चौकशी केली. चूक लक्षात यावी अशा सूचना यंत्रणेने वेळोवेळी दिल्या होत्या आणि त्या नजरेआड झाल्या, असं तिला आढळलं. जीपीएसवरून आपली जागा आपणच ठरवणारी सुधारित यंत्रणा तेव्हा उपलब्ध होती, पण या विमानात ती नव्हती, हेही अहवालात आहे.

बोट घसरलं यात नवल काही नाही. बँकेत, बिलावर, फोनवर आपलीही घसरतात. मला खिळवून ठेवतो तो अकरा हजारांचा आकडा. विमानाला वाट दाखवण्याच्या कामात एवढी मोठी चूक पूर्वी कोणी करूच शकलं नसतं. आळशी, झोपाळू, अर्धशिक्षित माणसालाही ती साधली नसती. स्वयंचलित यंत्रणेने वैमानिकांच्या चुका पुष्कळ कमी केल्या, त्याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. पण ज्या उरल्या त्यांचं माप तिने बदलून टाकलं. हे कसं झालं, एवढंच इथे सावकाश बघायचं आहे.

८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. त्या काळी लांब पल्ल्याच्या विमानांत नेव्हिगेटर नावाचा वेगळा माणूस असायचा. त्याच्याजवळ होकायंत्र, घड्याळ, नकाशा, पेन्सिल आणि ताऱ्यांची उंची मोजायचा सेक्स्टंट. विमानाचा वेग माहीत, दिशा माहीत, वारा अंदाजाने धरलेला. त्यावरून ‘आता आपण इथे असू’ असं तो नकाशावर मांडायचा. मग रात्री तारे धरायचे. तीन ताऱ्यांची उंची मोजून तीन रेषा काढल्या की त्या एका बिंदूत मिळायला हव्यात. व्यवहारात त्या मिळत नसत. मधे एक छोटा त्रिकोण उरायचा.

हा त्रिकोण मला त्या सगळ्या विद्येतला सर्वांत शहाणा भाग वाटतो. तो लहान आला तर मोजमाप बरं झालं, मोठा आला तर भरवसा कमी धरायचा. म्हणजे उत्तराबरोबरच उत्तरावर किती विसंबावं याचा जबाबही त्याच कागदावर मिळत होता. शिवाय चुकीचं हलगर्जीपणाशी प्रमाण होतं. थोडा निष्काळजीपणा केला तर थोडे मैल चुकणार, फार केला तर त्रिकोण एवढा मोठा येणार की कोणाच्याही डोळ्यांत भरेल. पंधरा-वीस मैलांची चूक रोजची. पुढचं मोजमाप मागच्याला सुधारून घ्यायचं.

यावरून जुनं ते सोनं असा निष्कर्ष कोणी काढू नये. २४ जानेवारी १९६६ ला मुंबईहून निघालेलं एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ जिनिव्हाला उतरता उतरता माँ ब्लाँ शिखराला धडकलं. होमी भाभांसह ११७ माणसं गेली. विमानातला दिशा दाखवणारा एक रेडिओ ग्राहक बिघडलेला होता. आपण शिखर ओलांडलं आहे अशी कॅप्टनची समजूत झाली. रडारवरच्या नियंत्रकाने ती दुरुस्त करण्यासाठी सांगितलं की शिखर अजून पाच मैल पुढे आहे, पण त्या वाक्याचा अर्थ विमानात वेगळा लागला. पाच मैल! डोंगरापाशी पाच मैलांची चूकही शंभरावर माणसं मारायला पुरते. जुन्या पद्धतीने जीव कमी घेतले असं मुळीच नाही. उलट फार घेतले. मुद्दा आहे तो चुकीच्या जातीचा.

संगणक आला आणि जागा आकड्यांत आली. आकड्यांचा एक स्वभाव असतो. शाळेत आपण एकं, दहं, शतं, सहस्र घोकतो. म्हणजे एकच पाच कुठे पाच असतो, कुठे पाच हजार. बोटाला मात्र एकं आणि सहस्र यांत फरक नाही. दोन्ही ठिकाणी एकच कळ, तेवढाच जोर, तेवढाच वेळ. शेवटच्या घरातला आकडा चुकला तर विमान थोडंसं सरकेल, पहिल्या घरातला चुकला तर खंड बदलेल. आणि दोन्ही वेळा पडद्यावर विमानाची छोटी आकृती सारखीच रेखीव, सारखीच ठाम दिसेल. त्रिकोण नाहीसा झाला. (आपल्या अचूकतेचा अंदाज संगणकही एका पानावर देतो, हे खरं, पण ते पान उघडून बघावं लागतं, आणि सगळं सुरळीत दिसत असताना पान उघडायची बुद्धी सहसा होत नाही.)

अर्ल वीनर नावाचे मायामी विद्यापीठातले संशोधक होते. कॉकपिटमधल्या स्वयंचलनावर त्यांनी नासासाठी वर्षानुवर्षं काम केलं. त्यांनी गमतीगमतीत काही नियम लिहून ठेवले होते. त्यातल्या एकाचा आशय असा, की डिजिटल उपकरणं बारीक चुका गाळून टाकतात आणि मोठ्या चुकांना दार उघडून देतात. अपघातांचे अहवाल वाचताना हा नियम मला पुन्हा पुन्हा आठवतो.

हे दार उघडायला कॉकपिटमध्ये संगणकच हवा असंही नाही. ३ सप्टेंबर १९८९, ब्राझील. वारिग कंपनीचं बोइंग ७३७ संध्याकाळी मराबाहून बेलेंला निघालं. पाऊण तासाचा प्रवास. कंपनीच्या उड्डाण आराखड्यात दिशा चार अंकांत छापायला सुरुवात झाली होती, शेवटचा अंक दशांशाचा, पण दशांशचिन्ह न देता. आराखड्यात लिहिलं होतं ०२७०, म्हणजे २७ अंश, उत्तर-ईशान्य. कॅप्टनने वाचलं २७०, म्हणजे थेट पश्चिम, आणि तेच यंत्रात लावलं. सहवैमानिकाने आपल्या बाजूला कॅप्टनचा आकडा बघून तोच लावला. पडताळा म्हणून ठेवलेला दुसरा माणूस अशा रीतीने पहिल्याचा आरसा झाला. उत्तरेला निघालेल्या विमानाच्या नाकासमोर सूर्य मावळत होता. बेलें काही आलं नाही. तीन तासांहून जास्त भटकून इंधन संपलं आणि रात्रीच्या अंधारात विमान ॲमेझॉनच्या जंगलावर उतरवावं लागलं. ५४ जणांपैकी १२ गेले.

हे विमान आजच्या अर्थाने फारसं स्वयंचलितही नव्हतं. तरी आकडा खोटा बोलला, आणि तो आकडा असल्यामुळे त्यापुढे सूर्याची साक्ष फिकी पडली. २७० म्हणजे चुकलेल्या हाताने धरलेले तीस-चाळीस अंश नव्हेत. ती वेगळीच, स्वच्छ, नेमकी दिशा आहे. चुकीच्या दिशेने विमान अगदी अचूक उडालं.

एकाच आकड्याचे दोन अर्थ होण्याची आणखी दोन उदाहरणं आहेत, दोन्ही एअरबस ए-३२० ची आणि दोन्ही खाली उतरण्याची. १४ फेब्रुवारी १९९० ला मुंबईहून बंगळुरूला गेलेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान धावपट्टीच्या अलीकडेच आदळलं आणि ९२ माणसं मेली. उतरण्याचा वेग मिनिटाला ७०० फूट ठेवायचा असताना शेजारचं, उंचीचं बटण फिरवून ७०० फूट ही उंची लावली गेली असावी, अशी शक्यता चौकशीत पुढे आली. बंगळुरूचा तो जुना विमानतळच समुद्रसपाटीपासून सुमारे २,९०० फुटांवर आहे. यंत्राला मिळालेली आज्ञा जमिनीच्या पोटात जाण्याची होती. दोनच वर्षांनी, २० जानेवारी १९९२ ला, फ्रान्समध्ये स्ट्रासबूरजवळ एअर इंटरचं विमान डोंगरावर आपटलं, ८७ मृत्यू. ३.३ अंशांच्या उतारासाठी लावलेले आकडे यंत्राने मिनिटाला ३,३०० फूट असे घेतले असावेत, असा तपासाचा कल होता. एकाच बटणाचे दोन अर्थ, कोणता चालू आहे ते बाजूच्या लहानशा खुणेवरून ओळखायचं.

इथपर्यंत आलं की कोणीही विचारेल: दोन माणसं कशाला बसवली आहेत मग? एकाने भरावं, दुसऱ्याने तपासावं. नियम तोच आहे, आणि बहुतेक वेळा तो काम करतो. पण तपासायचं कशाशी?

नेव्हिगेटरचा नकाशा आणि बाहेरचे तारे ही दोन वेगळी घरं होती. एकातली चूक दुसऱ्यात पोचत नव्हती. आजच्या कॉकपिटमधला नकाशा भरलेल्या आकड्यांतूनच काढलेला असतो. आकडा चुकला की नकाशाही त्याच चुकीला धरून, रेषा न चुकवता, सुंदर काढला जातो. पडद्यावर विमान नेमून दिलेल्या रेषेवरच दिसतं, कारण रेषा आणि विमान दोन्ही एकाच हाताने काढलेली. आरोपी आणि साक्षीदार एकच.

याचा सर्वांत उलटा, जवळजवळ क्रूर नमुना म्हणजे २८ नोव्हेंबर १९७९ चा अपघात. एअर न्यूझीलंडचं डीसी-१० प्रवाशांना अंटार्क्टिका दाखवायला गेलं होतं. कंपनीच्या संगणकातल्या मार्गात एका ठिकाणचा रेखांश चुकून १६६ अंशांऐवजी १६४ अंश टाइप झालेला होता. या चुकीमुळे मार्ग मॅकमर्डो खाडीच्या सपाट बर्फावरून जायचा. मूळ मार्ग मात्र एरेबस या ज्वालामुखी पर्वतावरून होता. वर्षभराहून जास्त काळ सगळे या चुकीवरूनच सुखरूप जात होते. वैमानिकांना माहिती दिली गेली तीही त्याच आकड्यांनी. कॅप्टन जिम कॉलिन्स यांनी आदल्या रात्री घरी नकाशावर तो मार्ग काढून पाहिला होता. त्याच रात्री कंपनीने आकडे सुधारले आणि वैमानिकांना कळवायचं राहिलं.

सकाळी कॉकपिटमध्ये भरलेले आकडे कागदावरच्या आकड्यांशी जुळले, कारण कागदही नवाच होता. जुळला नाही तो कॅप्टनच्या डोक्यातला मार्ग, आणि त्याचा पडताळा कोणी मागितला नव्हता. समोर ढग, खाली बर्फ, दोन्ही पांढरे. डोंगराचा उतार डोळ्यांना दिसलाच नाही. २५७ माणसं गेली. पहिल्या सरकारी अहवालाने दोष वैमानिकांच्या खाली येण्यावर ठेवला. न्यायमूर्ती पीटर महोन यांच्या आयोगाने १९८१ मध्ये तो काढून, न सांगता बदललेल्या आकड्यांवर आणि कंपनीवर ठेवला. आजही न्यूझीलंडमध्ये या दोन अहवालांवर भांडणारे लोक आहेत. मला महोन यांचं म्हणणं पटतं. बरोबर आकडा भरूनही माणूस चुकू शकतो, हे त्यांनी ओळखलं.

१ सप्टेंबर १९८३ च्या कोरियन विमानात तर आकडाही चुकला नव्हता. अलास्कातल्या अँकरेजहून सोलला निघालेल्या या बोइंग ७४७ मधली दिशादर्शक यंत्रणा जागा ठीक दाखवत होती. ऑटोपायलट मात्र तिचं ऐकत नव्हता. एक तर त्याचं बटण एकच दिशा धरून ठेवण्याच्या खुणेवर राहिलं असावं, नाहीतर विमान मार्गापासून इतकं दूर असताना ते पुढच्या खुणेवर फिरवलं की यंत्रणेने ताबा घेतलाच नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने १९९३ मध्ये हेच दोन पर्याय ठेवले. बटणाची एक खाच! पहिल्या तासात विमान मार्गापासून बाराएक मैल सरकलं होतं. पाच तासांनी तीनशे मैलांहून दूर, सोव्हिएत हद्दीत. तिथे लढाऊ विमानाने ते पाडलं आणि २६९ माणसं मेली. अमेरिकेची जीपीएस यंत्रणा नागरी विमानांना मोकळी करू, ही रोनाल्ड रेगन यांच्या सरकारची घोषणा याच घटनेनंतरची.

या सगळ्या धाग्यांची एक गाठ बघायची तर कालीला जावं लागतं. कोलंबियातलं हे शहर कौका नदीच्या लांबट खोऱ्यात आहे. दोन्ही बाजूंना अँडीजच्या रांगा. २० डिसेंबर १९९५ च्या रात्री अमेरिकन एअरलाइन्सचं बोइंग ७५७ मायामीहून तिथे चाललं होतं. निघायलाच सुमारे दोन तास उशीर झालेला. कालीचं रडार बंडखोरांनी उडवून दिलं होतं, त्यामुळे नियंत्रकाला विमान दिसत नव्हतं. वैमानिक सांगतील तेवढंच त्याला कळणार.

विमान उत्तरेकडून येत होतं. नेहमीची पद्धत म्हणजे विमानतळ ओलांडून पुढे जायचं आणि वळून दक्षिणेकडून उतरायचं. वारा शांत होता म्हणून नियंत्रकाने विचारलं, सरळ उत्तरेकडूनच उतरता का? वैमानिकांनी हो म्हटलं. काही मिनिटं वाचत होती. पण आता फार लवकर फार खाली यायचं होतं, म्हणून पंखांवरचे हवेचे अडसर उभारून विमान झपाट्याने उतरवायला सुरुवात झाली. नवा मार्ग यंत्रात बसवायचा, नवा नकाशा काढायचा, तोही उतरता उतरता.

मार्गात पहिलं ठिकाण होतं तुलुआ. पण ‘थेट काली’ अशी आज्ञा यंत्रात दिल्याबरोबर मधली सगळी ठिकाणं पडद्यावरून पुसली गेली. यंत्राचा तसाच रिवाज होता. नियंत्रक ‘तुलुआ आलं की सांगा’ म्हणत होता आणि वैमानिक पडद्यावर तुलुआ शोधत होते. ते तोवर मागे पडलं होतं. मग त्यांनी पुढचं ठिकाण धरायचं ठरवलं: रोझो नावाचं रेडिओ केंद्र, छापील नकाशात त्याची खूण ‘आर’ या अक्षराची. त्यांनी ‘आर’ टाइप केलं.

पुण्यात कोणी रिक्षावाल्याला ‘वडगाव’ म्हटलं तर तो विचारतो, कुठलं, शेरी की बुद्रुक? यंत्रानेही विचारलं. ‘आर’ खुणेची सगळी केंद्रं त्याने यादीत दाखवली. वैमानिकांची सवय होती की सर्वांत वरचं ते सर्वांत जवळचं, म्हणजे हवं तेच. पण रोझो त्या यादीतच नव्हतं. बोगोताजवळचं रोमिओ हे दुसरं केंद्रही ‘आर’ खुणेचंच, रेडिओची फ्रीक्वेन्सीसुद्धा तीच. म्हणून माहितीकोशात ‘आर’ हे अक्षर रोमिओला दिलं होतं आणि रोझोसाठी पूर्ण नाव टाइप करावं लागे. हे नकाशावर कुठे लिहिलेलं नव्हतं. यादीच्या वर होतं रोमिओ, शंभराहून जास्त सागरी मैलांवर, डोंगररांगेच्या पलीकडे. ते निवडलं गेलं.

विमान डावीकडे, पूर्वेला वळलं. हळुवार, डौलदार, प्रवाशाच्या पेल्यातलं पाणीही हलणार नाही असं. हाताने विमान चालवणारा माणूस असा भलता वळसा घेऊच शकत नाही. हातांना कळतं की आपण वळतो आहोत. इथे हात मोकळे होते आणि दोघांची डोकी नकाशात. मिनिटभराने कळलं तेव्हा ते खोऱ्याबाहेर, डोंगरांच्या बाजूला होते, आणि विमान सारखं खाली येतच होतं. त्यांनी उजवीकडे वळवलं. जमीन जवळ आल्याचा इशारा वाजला तो आदळण्याच्या बारा-तेरा सेकंद आधी. पूर्ण ताकद लावली, नाक वर ओढलं, पण पंखांवरचे अडसर तसेच उभे राहिले होते. बूगा गावाजवळच्या डोंगरावर, सुमारे ८,९०० फुटांवर विमान आदळलं. शिखर तिथून काहीशे फूटच वर होतं. १६३ पैकी १५९ मेले.

अहवालातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. वैमानिकांचे प्रश्न नियंत्रकाला विसंगत वाटले होते. विमान असायला हवं तिथे ते नसावं, अशी शंका त्यालाच पहिल्यांदा आली असावी. वैमानिक स्पॅनिश बोलणारे असते तर आपण त्यांना तसं म्हटलं असतं, असं त्याने नंतर सांगितलं. त्याचं इंग्रजी ठरावीक सूचनांपुरतं होतं, आणि ‘तुमचं बोलणं मला जुळत नाही’ हे ठरावीक सूचनांत बसत नाही. त्या रात्री यंत्राबाहेरचा एकमेव साक्षीदार तोच होता.

नंतर मायामीच्या न्यायालयात ज्यूरींनी दोषाची वाटणी केली: विमान कंपनीकडे ७५ टक्के, माहितीकोश तयार करणाऱ्या जेपेसनकडे १७, संगणक बनवणाऱ्या हनीवेलकडे ८. एका अक्षराची अशी टक्केवारी. मला ती फार न्याय्य वाटत नाही, पण चूक एका बोटाची नव्हती हे तरी तीतून मान्य झालं.

इंग्लंडच्या मानसशास्त्रज्ञ लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच लिहिलं होतं की सोपं काम यंत्राकडे गेलं की माणसाकडे उरतं ते अवघड काम, आणि तेही सराव तुटलेल्या माणसाकडे. शिवाय दुसऱ्याचं काम तासन्‌तास बघत बसणं हे माणसाला जमत नाही. पडद्यावरच्या मार्गाची रेषा मॅजेंटा, म्हणजे गडद गुलाबी रंगाची असते. १९९७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सचे कॅप्टन वॉरन व्हँडरबर्ग यांनी डलासला आपल्या वैमानिकांपुढे एक व्याख्यान दिलं. त्या रेषेची लेकरं होऊ नका, असा त्यांचा सूर. यंत्रामुळे काम वाढतंय असं वाटलं की त्याच्याशी झटत बसू नका, एक पायरी खाली या, बटणांवर या. तरीही जमत नसेल तर ऑटोपायलट काढा आणि हाताने उडवा. तीस वर्षं होत आली, तरी यापेक्षा व्यवहारी सल्ला मी वाचलेला नाही.

कालीनंतर झालेली खरी सुधारणा मात्र दुसरीच होती: एक स्वतंत्र साक्षीदार विमानात बसवला गेला. डॉन बेटमन या अभियंत्याने अशी यंत्रणा केली की तिच्या पोटात जगभरच्या डोंगरांची उंची साठवलेली असते. (सोव्हिएत संघ कोसळल्यावर त्यांचे उंचीचे नकाशे विकत मिळू लागले, ते यात कामी आले.) वैमानिकाने कुठलाही मार्ग भरलेला असो, समोर डोंगर असेल तर ती मिनिटभर आधी ओरडते. भरलेल्या आकड्यांवर ती विसंबत नाही, यातच तिचा जीव. डोंगराला सरळ जाऊन धडकण्याचे अपघात तिने खूप घटवले.

विसंबते ती जीपीएसवर. आणि गेली काही वर्षं युद्ध चालू असलेल्या प्रदेशांच्या आसपास उपग्रहाचे खोटे संदेश सोडून विमानांना त्यांची जागा चुकवली जाते. विमानाला वाटतं आपण भलत्याच देशात आहोत. घड्याळही खोटं होतं. डोंगराचा इशारा देणारी यंत्रणाही खोट्या जागेवरून सपाट आकाशात ‘वर ओढा’ म्हणून ओरडते, आणि काही वेळ ती बंदच ठेवावी लागते. भारतात नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात अशा व्यत्ययांच्या ४६५ घटना नोंदल्या गेल्याचं सरकारने लोकसभेत सांगितलं. बहुतेक अमृतसर आणि जम्मूच्या बाजूच्या. म्हणूनच जमिनीवरची जुनी रेडिओ केंद्रं मोडीत काढायला निघालेली अमेरिका आता त्यातली किमान संख्या जपून ठेवते आहे. ती केंद्रं जीपीएसइतकी नेमकी नाहीत, दोन-तीन अंशांनी चुकतात. पण त्यांची चूक दोन-तीन अंशांचीच असते. विमानाला एकदम दुसऱ्या देशात नेऊन ठेवण्याची नसते.

आपण प्रवासी यात फारसं काही करू शकत नाही. एक गोष्ट मात्र हातात आहे. उतरायच्या वेळी धावपट्टी बदलली म्हणून कॅप्टनने आणखी दहा मिनिटं आकाशात घिरट्या घालायचं ठरवलं, तर घड्याळ बघून चडफडू नका, आणि खाली उतरल्यावर तक्रारही लिहू नका. पुढे दोन माणसं नवे आकडे एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवत असतात आणि छापील कागदाशी ताडून बघत असतात. तेवढा वेळ त्यांना घेऊ द्या.